‘नक्की ना, मॅडम?’ : मंत्रचळाचं एक प्रकरण आणि थेरपिस्टची एक सवय

पहिल्या भेटीत खुर्चीत नीट टेकायच्या आधीच त्यांनी विचारलं, “मी इथे जे बोलेन ते तुम्हाला पोलिसांना कळवावं लागतं का?”

मी नियम सांगितला. इथलं बोलणं इथेच राहतं. तुमच्या किंवा दुसऱ्या कुणाच्या जिवाला खराखुरा धोका आहे असं दिसलं, किंवा कायद्याने भाग पाडलं, तरच ते बाहेर न्यावं लागतं, आणि तेही शक्यतो तुमच्याशी बोलून. त्यांनी मान हलवली आणि पुढची वीस मिनिटं झोपेबद्दल बोलत राहिले. झोप लागत नाही, लागली तर मोडते, कामावर आकडे डोळ्यांपुढे नाचतात. वय 34, काम हिशेब तपासणीचं, घरी बायको आणि चार महिन्यांची मुलगी. वेळ संपायला दहा मिनिटं उरली तेव्हा आवाज खाली गेला.

“मुलीला आंघोळ घालत होतो. एकदम मनात आलं, हिचं तोंड पाण्याखाली धरलं तर?”

त्या दिवसापासून त्यांनी आंघोळ घालणं सोडलं. मग तिला एकट्याने घेणं सोडलं. घरातल्या सुऱ्या, कात्र्या वरच्या फळीवरच्या डब्यात गेल्या. रात्री दहा-पंधरा वेळा उठून तिचा श्वास बघायचा, आणि बघून झालं की ‘आत्ता जवळ गेलो तेव्हा काही केलं तर नाही ना?’ म्हणून परत बघायचं. कामावरून बायकोला फोन : ती बरी आहे ना? सकाळी मी तिला उचललं तेव्हा तू बघत होतीस ना? शिवाय मुलांचा जीव घेतलेल्या माणसांच्या बातम्या इंटरनेटवर शोधून वाचायच्या आणि त्यांच्यात आपलं लक्षण सापडतं का ते ताडून बघायचं. रोज दीड-दोन तास यातच जात.

पुढे जाण्याआधी एक खुलासा. हे एका माणसाचं जसंच्या तसं प्रकरण नाही. सारख्या स्वरूपाच्या प्रकरणांतले तपशील मिसळून, ओळखीच्या खुणा बदलून ते लिहिलं आहे. चूक मात्र माझीच आहे, ती बदललेली नाही.

धोका आहे की धोक्याची भीती

निदानाआधी एक गोष्ट तपासावीच लागते, आणि ती घाईत उरकायची नसते. हा माणूस खरंच इजा करू शकेल का? मी विचारलं : पूर्वी कधी कुणावर हात उचललात? राग आला की काय होतं? दारू, नशा? हे विचार आले की बरं वाटतं, ओढ वाटते, की किळस येते? हे विचार बाहेरून कुणी घालतंय, कुणी हुकूम देतंय असं वाटतं का? स्वतःचा जीव संपवावासा वाटतो का? शेवटच्या प्रश्नावर ते थांबले. ‘मी नसलो तर ती सुरक्षित राहील’ असं दोनदा मनात येऊन गेलं होतं. योजना नव्हती, तयारी नव्हती. तरीही तो प्रश्न पुढच्या प्रत्येक भेटीत पुन्हा विचारायचा, हे मी तिथेच टिपून ठेवलं.

चित्र स्पष्ट होतं. विचार त्यांना नकोसा होता, त्यांच्या मूल्यांच्या नेमका उलट होता, आणि तो घडू नये म्हणून ते आयुष्य आक्रसून घेत होते. आवाज ऐकू येणं, भ्रम, हिंसेचा इतिहास, यातलं काहीच नव्हतं. ओसीडी (ऑब्सेसिव्ह-कम्पल्सिव्ह डिसऑर्डर). मराठीत आपण मंत्रचळ म्हणतो, पण तो शब्द ऐकला की डोळ्यांसमोर सारखे हात धुणारी बाई येते. बाळाला बुडवण्याच्या विचाराने पांढरा पडलेला बाप कुणाच्या डोळ्यांसमोर येत नाही. म्हणून अशी माणसं महिनोन्महिने तोंड उघडत नाहीत. स्वतःला राक्षस समजत बसतात.

तीव्रता मोजायला येल-ब्राउन मापनश्रेणी वापरली. 1989 पासून वापरात असलेली ही दहा प्रश्नांची श्रेणी 0 ते 40 गुण देते, आणि 24 किंवा त्याहून जास्त आले की ओसीडी तीव्र समजतात. त्यांचे 27 आले. नैराश्य मोजणाऱ्या पीएचक्यू-9 प्रश्नावलीवर 13, म्हणजे मध्यम. मनोविकारतज्ज्ञांनी अडीच महिन्यांपूर्वी एसएसआरआय गटातलं, म्हणजे ओसीडी आणि नैराश्य दोन्हींवर देतात ते, औषध सुरू केलं होतं. त्या तज्ज्ञांशी माझा बोलण्याचा दुवा पहिल्या आठवड्यातच जुळला. मी क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट आहे, औषधं देत नाही. या गृहस्थांसाठी मात्र शेवटपर्यंत मी ‘डॉक्टर मॅडम’च होते. दोन वेळा दुरुस्ती केली, मग सोडून दिलं.

मी कुठून आले

पहिल्याच भेटीच्या शेवटी त्यांनी विचारलं होतं, “तुमची पद्धत कोणती?” हिशेब तपासणाऱ्या माणसाचा प्रश्न. मी ठरावीक उत्तर दिलं : मुख्यतः सीबीटी, म्हणजे विचार आणि वागणं यांवर काम करणारी थेरपी, ओसीडीसाठी त्यातलीच ईआरपी, म्हणजे भीतीला टप्प्याटप्प्याने सामोरं जायचं आणि तिला शांत करणारी कृती करायची नाही. उत्तर खोटं नव्हतं, पण अर्धं होतं.

पदव्युत्तर शिक्षणानंतर देखरेखीखालचं क्लिनिकल प्रशिक्षण पूर्ण करून मी पहिली तीन वर्षं काढली ती कर्करोगाच्या वॉर्डात. तिथे ईआरपीचं काही काम नव्हतं. तिथे रात्री अकरा वाजता एखादी बाई विचारायची, ‘मी आईची सेवा नीट केली ना हो?’ आणि मी म्हणायची, हो, नक्की केलीत. ते खरं असायचं, ते ऐकून ती झोपू शकायची, आणि तो प्रश्न सकाळी परत येत नसे. त्या काळात मी अमेरिकी मानसशास्त्रज्ञ कार्ल रॉजर्स खूप वाचला. 1957 च्या त्याच्या प्रसिद्ध निबंधातल्या अटी मला पाठ होत्या : समोरच्याचं जग त्याच्या आतून समजून घेणं, त्याला विनाअट स्वीकारणं, स्वतः खरं असणं. पण वॉर्डातल्या रात्रींनी त्या वाचनाला माझ्या नकळत एक शेपूट जोडलं : माणूस घाबरला की त्याला धीर द्यायचा. रॉजर्सने असं कुठेच म्हटलेलं नाही. समजून घेणं आणि समजूत काढणं यांत त्याच्या लेखी बरंच अंतर होतं. मराठीत हे दोन शब्द इतके जवळ आहेत की माझ्याही डोक्यात ते एक होऊन बसले होते.

सीबीटी नंतर आली. रीतसर शिकले, प्रकरणं केली, परीक्षकांपुढे मांडली. पण आधी शिकलेली भाषा तोंडात जशी पहिली येते, तसा तो धीर देणारा हात पहिला पुढे यायचा. थेरपिस्टची ‘पद्धत’ त्याच्या माहितीपत्रकात असते तेवढीच असेल, तर ती पहिल्या अवघड मिनिटापर्यंत टिकते. त्यानंतर तिथे त्याचा पूर्वेतिहास बसलेला असतो.

सहा चांगल्या भेटी

पहिल्या दोन भेटी समजावण्यात गेल्या, आणि त्या मला अजूनही पटतात. मी त्यांना सांगितलं की असे विचार सगळ्यांना येतात. रॅकमन आणि डी सिल्व्हा यांनी 1978 मध्ये कोणताही मानसिक आजार नसलेल्या लोकांना विचारलं तेव्हा सुमारे 80 टक्के लोकांनी अशा नकोशा विचारांची कबुली दिली. 2014 मध्ये 13 देशांतल्या 777 विद्यार्थ्यांना विचारलं, तर 93.6 टक्क्यांनी मागच्या तीन महिन्यांत निदान एक असा विचार आल्याचं सांगितलं. विचारांचा मजकूरही फारसा वेगळा नसतो. बाल्कनीत उभं असताना खाली उडी मारली तर, गाडी फुटपाथवर घातली तर, हातातलं बाळ सोडलं तर. बहुतेकांच्या मनात तो येतो, ‘काहीतरीच’ म्हणून जातो.

ओसीडीत तो जात नाही, कारण त्याला बसायला पाट मिळतो. पॉल साल्कोव्हस्किसने 1985 मध्ये मांडलं की घोळ विचारात नसतो, तो त्याला दिलेल्या अर्थात असतो : हा विचार मला आला, म्हणजे तो टाळण्याची जबाबदारी माझी. त्याला जोडून आणखी एक गैरसमज, विचार करणं म्हणजे जवळजवळ करणंच. मग विचार दाबायचा प्रयत्न सुरू होतो, आणि दाबलेला विचार वर येतो. डॅनियल वेग्नरने 1987 च्या प्रयोगात लोकांना सांगितलं की पांढऱ्या अस्वलाचा विचार करू नका, आणि आला तर घंटा वाजवा. घंटा वाजतच राहिल्या. हे ऐकून ते पहिल्यांदा हसले. “म्हणजे माझ्या घरात दिवसभर घंटा वाजतेय.”

एक कागद मधे ठेवून आम्ही त्यांचं दुष्टचक्र काढलं. विचार, त्याचा अर्थ, भीती, तपासणी, क्षणभर सुटका, आणि त्या सुटकेमुळे पुन्हा पक्का झालेला अर्थ. चक्रात बायकोचा फोन लिहिला, रात्रीचं उठणं लिहिलं, बातम्या वाचणं लिहिलं. चित्र छान झालं होतं. त्यात एक माणूस लिहायचा राहिला होता.

तिसऱ्या भेटीपासून भीतीची शिडी करायला घेतली. कशाची किती भीती ते 0 ते 100 मध्ये सांगायचं, ही मोजपट्टी जोसेफ वोल्पीपासून चालत आलेली. सुरी खणात ठेवणं 40, बायको दुसऱ्या खोलीत असताना मुलीला मांडीवर घेणं 55, एकट्याने आंघोळ 95. शिडीच्या खालच्या पायऱ्या ते घरी चढत होते, वहीत लिहून आणत होते. भेटींना वेळेवर येत, जाताना मनापासून आभार मानत. मला हे प्रकरण आवडायला लागलं होतं.

सहाव्या भेटीनंतर मापनश्रेणी पुन्हा भरली. 25.

दीड महिना, वही भरलेली, नातं उत्तम, आणि दोन गुणांचा फरक. मोजण्यातल्या चुकीतही एवढं वरखाली होतं.

टेप

त्यांच्या लेखी संमतीने काही भेटी ध्वनिमुद्रित होत होत्या. पाचव्या भेटीची फीत मी माझ्या सुपरव्हायझरबाईंकडे, म्हणजे माझ्या कामावर नजर ठेवणाऱ्या ज्येष्ठ थेरपिस्टकडे, नेली. मला वाटत होतं, शिडीच्या पायऱ्या फार मोठ्या झाल्यात का, यावर त्या बोलतील. त्यांनी एक कोरा कागद माझ्यापुढे सरकवला आणि म्हणाल्या, “तो तुला प्रश्न विचारेल तेव्हा एक रेघ मार. तू उत्तर देशील तेव्हा त्या रेघेला फुली.”

पन्नास मिनिटांत चौदा रेघा. बारा फुल्या.

प्रश्न सरळ नसायचे. ‘असं तर कुणालाही होऊ शकतं ना?’, ‘तुम्ही अशी प्रकरणं बघितली असतील ना?’, ‘धोकादायक माणूस तुम्हाला बोलण्यावरून कळतो, नाही का?’ आणि सगळ्यांच्या शेवटी ते एक, ‘नक्की ना, मॅडम?’ प्रत्येक वेळी माझा आवाज मऊ होऊन, अर्ध्या सेकंदात : हो, नक्की. एका ठिकाणी तर त्यांचा प्रश्न पुरा व्हायच्या आत माझा ‘हो’ येऊन गेला होता.

बाईंनी फीत थांबवली. “आता चक्राचा कागद काढ. तू कुठे आहेस त्यात?”

ओसीडीत आश्वासन मागणं ही हात धुण्यासारखीच अनिवार्य कृती असते, म्हणजे भीती शमवायला केल्यावाचून राहवत नाही अशी. बायकोला फोन करणं थांबवा असं मी त्यांना सांगत होते, आणि आठवड्यातून एकदा तेच काम स्वतः, पदवी लावून, करत होते. बायकोचं उत्तर दोन तास टिकायचं, माझं तीन-चार दिवस. आठवड्याची भेट ते चुकवत का नसत, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा कानशिलं गरम झाली. संशोधनाची आकडेवारीसुद्धा मी औषधाच्या गोळीसारखी दिली होती. 93.6 हा आकडा ते रात्री स्वतःशी म्हणत, हे पुढे त्यांच्याच वहीत सापडलं. आकडा पहिल्यांदा सांगितला तेव्हा ती माहिती होती. तिसऱ्यांदा सांगितला तेव्हा तो जप झाला होता.

एडवर्ड बॉर्डिनने 1979 मध्ये उपचारातल्या सहकार्याचे तीन भाग सांगितले : ध्येयावर एकमत, करायच्या कामावर एकमत, आणि नातं. नातं घट्ट होतं म्हणून सहकार्य घट्ट आहे असं मी धरून चालले होते. प्रत्यक्षात कामावर आमचं एकमत नव्हतंच. मला वाटत होतं आम्ही अनिश्चिततेसोबत राहायला शिकतोय. ते माझ्याकडून हप्त्याहप्त्याने निश्चितता घेऊन जात होते.

बाईंनी आणखी एक प्रश्न विचारला, तो सुपरव्हिजनमध्येच विचारता येतो. “तो घाबरून तुझ्याकडे बघतो तेव्हा गप्प बसायला तुला कशाची भीती वाटते?” मी वॉर्डाचं सांगितलं. त्या थांबून राहिल्या. मग मी घरचं सांगितलं : लहानपणी घरात आवाज चढला की सगळ्यांची समजूत काढत फिरणारी मुलगी मी होते. सात-आठ वर्षांची असल्यापासून. कुणाच्या चेहऱ्यावरची भीती उतरली नाही की मला आजही पोटात गोळा येतो. माझा ‘हो, नक्की’ त्यांच्यासाठी होता तितकाच माझ्या पोटातल्या गोळ्यासाठी होता. म्हणजे अनिवार्य कृती त्या खोलीत दोघं करत होतो.

“तुम्ही आधी जास्त चांगल्या होतात”

सातव्या भेटीत मी कागद पुन्हा मधे ठेवला आणि चक्रात ‘मॅडम’ असं लिहिलं. चौदा रेघा, बारा फुल्या, सगळं सांगितलं. चूक माझी आहे, तुम्ही प्रश्न विचारलेत यात तुमचं काही चुकलं नाही, हेही सांगितलं. ते बराच वेळ त्या शब्दाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “मला वाटलं होतं तुम्ही खरंच खात्रीने सांगताय.”

मी म्हटलं, “मला तुमच्याबद्दल जे वाटतं ते पहिल्या दोन भेटींत मनापासून सांगितलं. त्यानंतरचं मंत्रचळाला सांगत होते.”

आम्ही एक करार केला, त्यांच्याच शब्दांत लिहिलेला. खात्री मागणारा प्रश्न आला की मी विचारणार : ‘हा तुमचा प्रश्न की त्याचा?’ त्याचा असेल तर उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे तुसडेपणा नाही, खोलीतून पाय काढणं नाही. मी तिथेच असेन, भीती किती आहे विचारीन, ती वर जाते की खाली ते दोघं मिळून बघू. आठव्या भेटीला त्यांच्या पत्नी आल्या. त्यांनाही हेच शिकायचं होतं, आणि त्या माझ्यापेक्षा लवकर शिकल्या. “दिवसाला दहा वेळा तेच सांगून माझं तोंड दुखतं,” त्या म्हणाल्या. नवऱ्याला तोडून बोलायचं नाही आणि उत्तरही द्यायचं नाही, यासाठी त्यांनी स्वतःच एक वाक्य शोधलं : “हे ऐकून तू घाबरलायस ते दिसतंय मला. चल, आपण जे करत होतो ते करू.” ते वाक्य मी तेव्हापासून बऱ्याच जोडप्यांना दिलं आहे.

नवव्या भेटीत सगळं फिसकटता फिसकटता राहिलं. आदली रात्र वाईट गेली होती. ते आले आणि सरळ विचारलं, मी तिला काही करणार नाही ना? मी करारातलं वाक्य म्हटलं. पुन्हा विचारलं. मी पुन्हा तेच. तिसऱ्यांदा त्यांचा आवाज चढला, “एक शब्द बोलायला तुमचं काय जातं?” आणि मग खूप हळू, “तुम्ही आधी जास्त चांगल्या होतात.”

पोटातला गोळा आला. जुनी मी असते तर त्या क्षणी उत्तर देऊन टाकलं असतं. पुस्तकी मी असते तर करारावर बोट ठेवलं असतं. दुसरं पहिल्याइतकंच वाईट, कारण नात्यात तडा गेलेला असताना तंत्र पुढे रेटलं की तडा रुंदावतो. मी म्हटलं, “तुम्हाला माझा राग आलाय, आणि येणार. बुडत्याला काठी द्यायची सोडून मी काठावर उभी आहे असं वाटत असेल.” ते म्हणाले, हो, तसंच वाटतंय. त्या रागावर आम्ही पंधरा मिनिटं बोललो, मंत्रचळावर अजिबात नाही. भीती तोवर 85 वर होती. मी ती उतरवायला काहीच केलं नव्हतं. भेट संपताना त्यांनीच सांगितलं, आता 60 असेल. “आणि तुम्ही उत्तर दिलं नाहीत,” ते म्हणाले. तक्रार म्हणून म्हणाले की नोंद म्हणून, मला कळलं नाही.

सुरी

ईआरपीची मुळं जातात व्हिक्टर मेयरच्या 1966 च्या कामापर्यंत. दोन रुग्ण, रुग्णालयात परिचारिकांची सततची नजर, आणि अनिवार्य कृती करू न देणं. पुढे बराच काळ असं शिकवलं गेलं की भीतीसमोर पुरेसा वेळ बसलं की ती विरते, आणि विरली की काम झालं. अलीकडे, विशेषतः मिशेल क्रास्क आणि सहकाऱ्यांच्या 2014 च्या मांडणीनंतर, भर थोडा सरकला आहे. भीती उतरली का, याहून महत्त्वाचं हे की माणसाने काय होईल असं धरलं होतं आणि काय झालं. माझ्या या गृहस्थांना ही भाषा लगेच जुळली. अंदाजपत्रक आणि ताळेबंद, ते म्हणाले.

म्हणून प्रत्येक प्रयोगाआधी ते अंदाज लिहीत. दहाव्या भेटीचा अंदाज : ‘सुरी हातात घेऊन विचार मनात येऊ दिला तर पाच मिनिटांच्या आत माझा हात माझ्या ताब्यात राहणार नाही. शक्यता 70 टक्के.’ स्वयंपाकघरातली साधी सुरी टेबलावर होती. त्यांनी ती उचलली, मुठीत धरली. बोटांची पेरं पांढरी. कपाळावर घाम. मी खुर्ची त्यांच्या पुढ्यात नेली आणि पाठ करून बसले.

हा प्रयोग थेरपिस्ट मंडळींच्या आवडीचा आहे, कारण तो नाट्यमय असतो. पण त्यातही एक खोट आहे. मी पाठ केली, म्हणजे मी त्यांच्यावर विश्वास टाकला, म्हणजे न बोलता म्हटलंच की हो, नक्की. हे मला पाठ केल्यावर तिसऱ्या मिनिटाला उमगलं. वीस मिनिटं झाली, हात ताब्यात राहिला, ताळेबंद लिहिला. मग मी त्यांना खोट सांगितली. त्यांनी क्षणभर विचार केला आणि विचारलं, “म्हणजे तुम्ही नसताना करायला हवं?” हवं होतंच. पुढचे प्रयोग त्यांनी घरी ठरवले, आणि कोणता कधी करणार ते मला आधी सांगायचं नाही असं ठरलं. सांगणं म्हणजे परवानगी घेणं झालं असतं.

विचारांसाठी त्यांनी एक मजकूर लिहिला, स्वतःच्या आवाजात मुद्रित केला, रोज ऐकला. पहिल्या मसुद्याचा शेवट होता, ‘पण मी असं कधीच करणार नाही.’ ती ओळ काढायला दोन आठवडे लागले. तिच्या जागी आलं : ‘मी असं करीन की नाही, याची शंभर टक्के खात्री मला कधीच मिळणार नाही. आज मी तिला आंघोळ घालणार आहे.’

आणि घातली. चौदाव्या आणि पंधराव्या भेटींच्या मधे, एका सकाळी, बायको बाहेर गेलेली असताना. त्यांनी जे सांगितलं त्यात भीतीचा आकडा नव्हताच. मुलगी आता आठ महिन्यांची झाली होती, पाण्यावर थापा मारत होती, आणि त्यांचा चष्मा भिजून काही दिसेना. चष्मा पुसायला हात सोडावा की नको, या साध्या काळजीत ते होते. “तेव्हा तो विचार आला होता का, आठवत नाही,” ते म्हणाले. मग घाईने, “आला असेल.”

ताळेबंद

अठरा भेटी झाल्या. शेवटी येल-ब्राउनवर 12, पीएचक्यू-9 वर 5. सहा महिन्यांनंतरच्या भेटीत 10. हे सगळं श्रेय उत्तर न देण्याला देता येणार नाही. औषध चालूच होतं, ओसीडीत त्याचा पुरता परिणाम दिसायला आठवडे जातात, आणि सातव्या भेटीच्या सुमारास मनोविकारतज्ज्ञांनी मात्राही वाढवली होती. मुलगी मोठी होत होती, घरात झोप परत येत होती. एका प्रकरणात ही सूतगुंडी सोडवता येत नाही. मला एवढंच सांगता येतं की पहिल्या सहा भेटींत मी जे करत होते त्याने चक्र फिरतं ठेवलं, आणि ते मला त्यांच्या समाधानी चेहऱ्यावरून कधीच कळलं नसतं.

राहिलेलंही आहे. सहा महिन्यांनंतर ते म्हणाले, रात्री फार दमलेले असले तर सुरी अजून खणाच्या मागच्या कोपऱ्यात ठेवतात. मधल्या काळात विचाराने रूप बदलून बघितलं : गाडी चालवताना कुणाला धक्का देऊन आलो तर? एकदा ते मागे वळून रस्ता बघून आले. दुसऱ्यांदा वळले नाहीत. हे मला त्यांनी भेटीत सांगितलं, फोन करून विचारलं नाही.

माझ्या बाजूचा उपाय अजून चालू आहे. महिन्याला एक फीत, एक कोरा कागद, रेघा आणि फुल्या. मागच्या महिन्यात एका अगदी वेगळ्या क्लायंटबरोबरच्या भेटीत नऊ रेघा निघाल्या आणि चार फुल्या. त्यातल्या दोन योग्य होत्या, त्या बाईंना खरंच माहिती हवी होती. उरलेल्या दोन मी सुपरव्हायझरबाईंकडे घेऊन जाणार आहे.